वसंतातला सात दिवसांचा हवामान अंदाज कितपत धरून चालायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वसंत लागलाय, येत्या रविवारी उघड्यावर कार्यक्रम आहे, त्याच आठवड्यात नाजूक रोपं बाहेर हलवायची आहेत, आणि मोबाइलवरचा अंदाज सकाळी ऊन दाखवतो तर संध्याकाळी पाऊस. यातलं खरं काय धरायचं?

उघड्यावरच्या कामांचं वेळापत्रक लावणं हे माझं काम, त्यामुळे सकाळचा चहा हवामानाच्या नकाशांसमोरच होतो. माझं उत्तर सरळ आहे. रविवार साधारण उबदार असेल की गार, हे आज बऱ्यापैकी सांगता येतं. रविवारी दुपारी चार वाजता तुमच्या डोक्यावर पाऊस पडेल का, हे आज कोणीही सांगू शकत नाही. गंमत अशी की ॲप या दोन्ही गोष्टी एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच थाटात दाखवतं.

वसंतात हे जास्त जाणवतं, त्याला कारण आहे. सूर्य झपाट्याने वर चढत असतो, जमीन पटकन तापते, पण समुद्राचं पाणी आणि वरची हवा अजून हिवाळ्यातच असतात. खाली गरम, वर गार अशी रचना झाली की हवा उसळून वर जाते. सकाळी निरभ्र आकाश, दुपारी कापसासारखे ढग, चारच्या सुमारास गडगडाट आणि कधी गारा. अशा ढगाचा एकेक पुंजका काही किलोमीटरांचा असतो आणि बहुतेकदा तासाभरात संपून जातो. तो नेमका कुठे फुटेल हे आदल्या दिवशीही सांगणं अवघड, मग सहा दिवस आधीचं सोडाच.

दुसरं कारण उंचावरचं. ध्रुवाकडचा गारठा आणि विषुववृत्ताकडची ऊब यांतला फरक अजून मोठा असल्याने वरचा वेगवान वारा, म्हणजे जेट स्ट्रीम, जोरात असतो आणि नागमोडी वाहतो. कधी त्याचं एखादं वळण तुटून बाजूला पडतं आणि कमी दाबाचं एक सुटं क्षेत्र तयार होतं. त्याला पुढे ढकलणारं कोणी उरत नाही. ते तीन दिवस एकाच जागी ठाण मांडून बसेल, मागे सरकेल की विरून जाईल, यावर निरनिराळ्या मॉडेलांचं, म्हणजे अंदाजाचं गणित करणाऱ्या संगणक-प्रणालींचं, एकमत क्वचितच होतं. तुमचा अंदाज रोज पलटी खात असेल तर वर असं काही अडकलंय का, ते आधी बघा. (हे सगळं समशीतोष्ण पट्ट्याबद्दल, मग तो उत्तर गोलार्धातला मार्च ते मे असो की दक्षिणेतला सप्टेंबर ते नोव्हेंबर. विषुववृत्ताजवळ राहत असाल तर कमाल तापमान रोज जवळपास तेच राहतं, दुपारचा ढग फुटतो की नाही एवढाच प्रश्न उरतो.)

आता एक उदाहरण, कारण खरी मेख इथे आहे. समजा शनिवारी शीत आघाडी येणार आहे, म्हणजे गार हवेची आगेकूच. ती सकाळी अकराला पोहोचली तर ऊन तापायच्या आत ढग आणि गार वारा, कमाल तापमान १६ अंश. तीच संध्याकाळी पाचला आली तर तिच्या पुढचा उबदार वारा दिवसभर वाहणार आणि पारा २४ वर. पाच दिवस आधीच्या अंदाजात सहा तासांची चूक म्हणजे मॉडेलच्या हिशेबाने काहीच नाही, पण तुमच्यासाठी ती आठ अंशांची झाली. अशा वेळी कित्येक ॲप सगळ्या शक्यतांची सरासरी काढून २० छापतात. म्हणजे त्या दिवशी जे घडण्याची शक्यता सगळ्यांत कमी, नेमका तोच आकडा तुमच्या हातात.

म्हणून एका आकड्यावर जाऊ नका, आकड्यांचा पसारा बघा. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ मध्ये संगणकाला ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा दिला, तर काही काळाने पूर्ण वेगळं हवामान निघालं. त्यावरचा त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९६३ चा. सुरुवातीची निरीक्षणं कधीच शंभर टक्के अचूक नसतात, म्हणून मोठी केंद्रं सुरुवात किंचित बदलून तेच गणित अनेकदा चालवतात. युरोपातल्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राने हे १९९२ मध्ये नियमित सुरू केलं. आज तिथे एक मूळ आणि पन्नास बदललेले असे ५१ अंदाज एकदम काढले जातात. त्यांचे आलेख बऱ्याच संकेतस्थळांवर फुकट दिसतात, एकावर एक काढलेल्या रेघांचे. बुधवारपर्यंत सगळ्या रेघा एकत्र आणि गुरुवारपासून विस्कटलेल्या दिसल्या, तर तुमचा अंदाज बुधवारपर्यंतचाच आहे. पुढचं नुसतं भरताड.

हवामान अंदाजाची बदनामी मात्र जरा जास्तच होते. गेल्या काही दशकांत अंदाजाचा पल्ला दर दहा वर्षांनी साधारण एका दिवसाने वाढलाय. पूर्वी तीन दिवसांचा अंदाज जितका चांगला असायचा, तितका आता सहा दिवसांचा असतो. हे काम लहान नाही.

टक्क्यांबद्दल. ‘पावसाची शक्यता ४० टक्के’ म्हणजे दिवसाचा ४० टक्के वेळ पाऊस नव्हे, आणि पाऊस किती जोराचा हेही त्यात नाही. असा अंदाज असलेल्या दहा दिवसांपैकी साधारण चार दिवस तुमच्या जागी मोजण्याइतका पाऊस पडेल, एवढाच अर्थ. एक मिलिमीटरही त्यात आला आणि चाळीसही. म्हणून टक्क्यांशेजारी मिलिमीटर बघायची सवय लावा. आणि ‘सरासरीपेक्षा उबदार: ४० टक्के’ असा प्रादेशिक कल दिसला तर हुरळून जाऊ नका. तिथे बहुधा उबदार, साधारण आणि गार असे तीन समान भाग असतात. काहीच माहिती नसताना प्रत्येकाला ३३ टक्के मिळतातच, त्यामुळे ४० म्हणजे किंचित झुकाव. ती सरासरीही सहसा ३० वर्षांची असते, सध्या बहुतेक ठिकाणी १९९१ ते २०२० ची.

रोपांचं गणित वेगळं आहे, तिथे मी फार सावध असतो. अंदाजातलं किमान तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचं असतं. निरभ्र आकाश आणि पडलेला वारा असेल तर रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि रोपाच्या पानाजवळ पारा त्याहून चार-पाच अंश खाली जाऊ शकतो. म्हणजे अंदाज ३ अंशांचा, तरी पहाटे पानावर बर्फाचा पांढरा थर. सखल जागेत हे आणखी वाईट, कारण गार हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन साचते. दवबिंदूचं तापमान (ज्याला हवेतली वाफ दव होऊन साचू लागते) शून्याखाली, ढग नाहीत, वारा नाही, असं तिन्ही जुळलं तर रोपं आत घ्या नाहीतर झाका. उलट ढगाळ, वाऱ्याची रात्र असेल तर तेच ३ अंश सहसा निभावतात. आघाडी येऊन गेल्यानंतर आकाश मोकळं झालेली पहिली शांत रात्र ही वसंतातली सगळ्यांत दगाबाज.

राहिला तुमचा रविवार. आज फक्त वाऱ्याची दिशा कोणत्या दिवशी बदलतेय ते टिपून ठेवा, हवा पालटते ती तेव्हा. चित्रांकडे दुर्लक्ष करा. दिवसात तासभर सर पडणार असली तरी कित्येक ॲप पूर्ण दिवसावर पावसाचं चित्र चिकटवतात. गुरुवारी संध्याकाळी रेघांचा आलेख परत बघा आणि मांडवाचा निर्णय तेव्हा घ्या. मांडवाला आगाऊ सांगावं लागत असेल तर मात्र अंदाजाची वाट न बघता आजच सांगून टाका, वसंतात तो खर्च धरूनच चालतात. रविवारी सकाळी रडार उघडा. पुढच्या एक-दोन तासांपुरतं तरी, सरी कुठून कुठे सरकताहेत ते त्यात डोळ्यांनी दिसतं. आणि वेळ बदलणं हातात असेल तर कार्यक्रम सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान ठेवा, वसंतातले गडगडाटी ढग बहुतेक दुपारनंतरच उभे राहतात.