आईच्या मणक्यात स्क्रू बसवायचेत, केज टायटॅनियमची घ्यावी की पीकची?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय 61, कंबरेतला एल 4 मणका त्याच्या खालच्या एल 5 वर पुढे सरकलाय, चालताना पाय भरून येतात, फ्युजन म्हणजे ते दोन मणके हाडाने जोडून एक करायचं ऑपरेशन सांगितलंय आणि एस्टिमेटमध्ये केजचे, म्हणजे दोन मणक्यांच्या मधे बसवायच्या पोकळ ठोकळ्याचे, दोन पर्याय दिलेत, एक पीक (PEEK) या प्लास्टिकची आणि एक थ्रीडी प्रिंटेड टायटॅनियमची, तर महागातली घेतली की स्क्रू ढिले व्हायची भीती जाईल का. मी परळला एका हॉस्पिटलमध्ये ओटी टेक्निशियन आहे, सोळा वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच, पण हे सामान रोज डोळ्यासमोर असतं म्हणून लिहितोय.

नुसत्या महागड्या केजने ती भीती जात नाही. स्क्रू आणि रॉड आईचं वजन जन्मभर पेलायला नसतातच, दोन मणक्यांच्या मधे हाड धरेपर्यंत ते मणके हलू नयेत म्हणून असतात. स्लॅब भरला की खाली सेंटरिंगच्या बल्ल्या ठेवतात ना तसंच, फक्त या बल्ल्या नंतर काढत नाहीत, आतच राहतात. हाड धरायला सहा महिने ते वर्ष जातं, आणि धरलंच नाही तर धातू कितीही भारी असू दे, रोजच्या उठण्या-वाकण्याने एक तर स्क्रूची पकड सुटते नाहीतर मागेपुढे वाकवलेल्या तारेसारखा रॉड तुटतो. हे ऑपरेशन सुरू झालं तेव्हा धातू नव्हताच, 1911 साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि ऑल्बी यांनी आपापल्या पद्धतीने मणक्याच्या टीबीसाठी केलं, ऑल्बींनी तर पायाच्या नळीचं हाड काढून पाठीत बसवलं होतं. आता वापरतात तसे पेडिकलमधून, म्हणजे मणक्याच्या मागच्या बाजूच्या हाडाच्या खांबातून, जाणारे स्क्रू पॅरिसच्या रॉय-कामिय यांनी 1963 मध्ये पहिल्यांदा घातले.

आत काय होतं ते सांगतो. एका लेव्हलला, म्हणजे मणक्यांच्या एका जोडीला, साधारण चार स्क्रू, दोन रॉड, एक केज. सर्जन म्हणतात सहा-पाच पंचेचाळीस, म्हणजे साडेसहा मिलीमीटर जाड आणि 45 मिलीमीटर लांब, सिस्टर ट्रेमधून काढून देतात, सी-आर्मवर, म्हणजे ओटीतल्या एक्स-रे मशीनवर, दिशा बघत बघत स्क्रू जातो. शेवटी डोक्यावरचा छोटा नट आवळतात, ठरलेला जोर आला की हँडल टक करतं. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती बाजूची स्टीलची वाटी. नस मोकळी करताना जे हाड काढलं ते फेकत नाहीत, सिस्टर त्यावरचं मांस खरवडून निबलरने, म्हणजे हाड तोडायच्या पकडीने, बारीक तुकडे करतात आणि तेच केजमध्ये आणि केजभोवती ठासून भरतात. पुढे धरायचं असतं ते हेच हाड. एस्टिमेटमध्ये ते कुठेच दिसत नाही.

आता केज. पीक म्हणजे एक प्रकारचं टणक प्लास्टिक, त्याचा ताठपणा हाडाच्या बाहेरच्या टणक थरापेक्षाही कमी, आणि एक्स-रे त्याच्या आरपार जातो म्हणून मधलं हाड भरतंय का ते छान दिसतं, पण गुळगुळीत पीकला हाड चिकटत नाही. टायटॅनियमला चिकटतं. पण भरीव टायटॅनियम हाडापेक्षा कितीतरी ताठ, त्यामुळे ठिसूळ मणक्यात केज खचायची भीती आणि एक्स-रेमध्ये मागचं झाकलं जातं. थ्रीडी प्रिंटवाली जाळीदार असते, त्या छिद्रांत हाड शिरतं आणि जाळीमुळे ताठपणाही उतरतो. परवडत असेल तर मला ती चांगली वाटते, पण त्यासाठी कर्ज काढू नका, पीकच्या केजवर धरलेली फ्युजन मी भरपूर बघितलीत. एमआरआयची काळजी करू नका, टायटॅनियम असलं तरी होतो, फक्त स्क्रूच्या आसपासचं चित्र थोडं बिघडतं.

त्याआधी आईची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घ्या, त्यातला टी-स्कोअर हा आकडा उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली, मग सर्जन आधी औषधं देतील किंवा स्क्रूभोवती सिमेंट भरायचं ठरवतील. शुगर, व्हिटॅमिन डी पण बघा.

आणि मशेरी. आमच्या चाळीतल्या एका काकींचं असंच ऑपरेशन झालं, सगळं व्यवस्थित, पण मशेरी सुटली नाही, आणि ती पण तंबाखूच हे घरात कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ऑपरेशनच्या आधी विचारलं तेव्हा तंबाखू नाही म्हणून सांगितलं. निकोटीनने रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड धरत नाही. दहाव्या महिन्यात एक्स-रेत खालच्या दोन स्क्रूंभोवती काळी रेघ दिसली, म्हणजे स्क्रू हलत होते, पुन्हा टेबलवर घ्यावं लागलं. त्या दिवशी मी ड्युटीवर होतो, मीच त्यांना धरून कुशीवर वळवलं.

प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटात लॉट नंबरचे स्टिकर असतात, ते केस पेपरला आणि बिलाला लावून घ्या, क्लेमला मागतात. डेक्साचा आकडा आला की खाली लिहा, आणि आई मशेरी लावतात का तेही.