शेवटचे दोन खांब का सुटतात?

अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात, मधल्या रिकाम्या वेळात प्रेक्षकांचं मन रमावं म्हणून, घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून बेतलेला हा खेळ पहिल्यांदा दाखवला गेला. वाचकांच्या या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त अ‍ॅजिलिटीबद्दलच आहेत. उरलेल्यांत वासाचा खेळ आहे, एक कारवानी, म्हणजे सडपातळ, वेगवान शिकारी जातीचा कुत्रा आहे आणि मे महिना आहे.

प्रश्न : आमची लॅब्रेडॉर तीन वर्षांची आहे. सोसायटीमागच्या मैदानात बारा खांबांची रांग लावली आहे. दहाव्या खांबापर्यंत झकास नागमोडी जाते आणि शेवटचे दोन सोडून बाहेर पडते. रागावलं की पुढच्या वेळी सुरुवातच करत नाही. (पुणे)

रागावणं आजपासून बंद. चूक कुठे झाली हे तिला उमगत नाही, खांबांजवळ गेलं की माणूस बिनसतो एवढंच कळतं.

आता मूळ दुखणं. दहाव्या खांबाशी बहुतेक वेळा कुत्रीचं नाही, माणसाचं काहीतरी बदलतं. मोबाइल टेकवून व्हिडिओ घ्या आणि तो बघताना नजर कुत्रीवर नको, स्वतःच्या पायांवर ठेवा. पावलं मंदावलेली दिसतील, किंवा खांदा पुढच्या अडथळ्याकडे वळलेला, नाहीतर हात खाऊच्या बटव्याकडे निघालेला. कुत्री शब्दांच्या आधी आपलं अंग वाचते. तुमचा खांदा वळला की तिच्या लेखी इथलं काम संपलं.

उपाय दोन. पहिला, खाऊ हातातून देऊ नका. बाराव्या खांबातून ती बाहेर पडता पडता चेंडू सरळ रेषेत पुढे दोन-तीन मीटरवर टाका. लवकर टाकलात तर ती चेंडूसाठी खांब सोडेल, उशीर केलात तर वळून तुमच्या तोंडाकडे बघेल. हा अर्ध्या सेकंदाचा अंदाज आधी कुत्रीशिवाय, रिकाम्या मैदानात बसवा. दुसरा, शेवटाकडून शिकवा. फक्त शेवटचे चार खांब ठेवा. पाचपैकी पाचदा बरोबर गेली की मागे दोन जोडा. असं करत बारापर्यंत या, म्हणजे प्रत्येक वेळी ती ओळखीच्या भागाकडे धावते. एका बैठकीत पाच-सहा फेऱ्या पुरे. या अडथळ्यात खांदे आणि पाठ सारखी पिळवटते, थकलेली कुत्री खांब सोडणारच. बारा पक्के झाले की मुद्दाम कधी मागे राहा, कधी पुढे पळा, कधी चार हात बाजूला सरका. तिची नजर खांबांवरून हलता कामा नये.

खांब घरी केले असतील तर तेही तपासा. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे एफसीआयच्या नियमात दोन खांबांतलं अंतर ६० सेंटिमीटर, उंची १ ते १.२ मीटर आणि जाडी ३ ते ५ सेंटिमीटर आहे. सहा मीटरच्या दोन पीव्हीसी नळ्यांतून मीटरभराचे बारा तुकडे बरोबर निघतात. सळईचे तुकडे जमिनीत ठोकून त्यावर नळ्या बसवा. नळी थोडी डुलली पाहिजे, खुंटासारखी घट्ट बसली तर खांद्याला मार लागतो. अंतर टेपनेच मोजा. पावलाने मोजलेली रांग हमखास आखूड भरते आणि कुत्री चुकीची लय शिकते. खेळ झाला की सळया उपटून घरी न्या, मैदानात मुलंही खेळतात.

स्पर्धेतला हिशेब असा : पहिला खांब कुत्रीच्या डाव्या खांद्याला यायला हवा. चुकीच्या बाजूने शिरली तर नकार धरतात, पाच गुण जातात. मधूनच बाहेर पडली तर चूक म्हणून पाच. ती चूक तिथेच दुरुस्त न करता पुढचा अडथळा घेतलात तर फेरी बाद. म्हणून शेवटचे दोन खांब तुमच्या गणितात सगळ्यांत महाग आहेत.

प्रश्न : जर्मन शेफर्ड, सात महिन्यांचा. पलंगावरून सहज उड्या मारतो. स्पर्धेच्या उंचीच्या उड्या आत्ताच शिकवल्या तर पुढे सोपं जाईल ना? (सांगली)

नाही, उलट महागात पडेल. हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ, कूर्चेचा पट्टा असतो. मोठ्या जातींत तो पूर्ण टणक व्हायला दीड वर्षापर्यंत लागतं. तोवर पुन्हापुन्हा उडी घेऊन पुढच्या पायांवर आदळण्याचा मार त्या पट्ट्याला बसतो. एफसीआयच्या स्पर्धेत १८ महिन्यांखालचं कुत्रं उतरवताच येत नाही. पलंगावरून उड्या मारतो हेही कौतुकाचं नाही, तिथे पायरी ठेवा.

तोवर आडवी काठी जमिनीवर ठेवून ती ओलांडायला शिकवा, वर न्यायचीच तर त्याच्या पुढच्या मनगटापेक्षा वर नाही. फूटभर रुंदीची फळी दोन आडव्या विटांवर टाकून त्यावरून चालवा. उलट्या घमेल्यावर मागचे पाय मागे सरकून ठेवायला शिकवा. आपल्याला मागचे पायही आहेत हे बऱ्याच कुत्र्यांच्या गावीही नसतं. बोगदा, ‘थांब’ आणि हाक मारताच येणं यांना वयाची अट नाही. दीड वर्षाचा झाला की उड्यांआधी खुब्यांचा एक्स-रे काढा, या जातीत ते सैल असण्याचा त्रास नेहमीचा आहे.

प्रश्न : आमची गावठी कुत्री सी-सॉला घाबरते. एकदा फळी धाडकन आपटली, तेव्हापासून ती लांबूनच वळसा घालते. (नाशिक)

भीती एक नाही, दोन आहेत : आवाजाची आणि पायाखालची जमीन हलण्याची. एकत्र सोडवायला गेलात तर दोन्ही पक्क्या होतात.

आधी आवाज. जिथे फळी आपटते तिथे गोधडीच्या चार घड्या ठेवा. फळीचं ते टोक जेमतेम चार बोटं वर धरा आणि कुत्रीने स्वतःच्या पंज्याने ते खाली दाबलं की लगेच खाऊ. आवाज तिने केला पाहिजे, तुम्ही केलेला चालणार नाही. दर दोन-तीन दिवसांनी गोधडीची एक घडी काढा. मग हालचाल. दोन्ही टोकांखाली विटा रचा, म्हणजे फळी वीतभरापेक्षा कमीच कलेल. ती बिनधास्त चालायला लागली की दोन्हीकडची एकेक वीट कमी करा. एखाद्या दिवशी बिचकली तर एक वीट परत ठेवायची, त्यात कमीपणा नाही. गळपट्टा धरून वर ओढणं मात्र सक्त वर्ज्य.

फळीचा तोलही बघा. फळी ३.६ मीटरच्या आसपास लांब आणि मध्यावर ६० सेंटिमीटर उंच असते. उतरायच्या बाजूच्या रंगीत पट्ट्याच्या मध्यभागी साखरेची एक किलोची पिशवी ठेवा. दोन ते तीन सेकंदांत टोक जमिनीला लागलं पाहिजे. त्याहून लवकर पडत असेल तर घाबरण्यात कुत्रीची चूक नाही. बागेतला मुलांचा सी-सॉ वापरू नका, तो गुळगुळीत असतो आणि बेभरवशाने आदळतो.

शेवटच्या ९० सेंटिमीटरच्या रंगीत पट्ट्याला पाय लागणं सक्तीचं आहे आणि टोक टेकण्याआधी उडी मारली तर पाच गुण जातात. म्हणून खाऊ नेहमी फळीच्या अगदी टोकाशी, तिचे पाय फळीवर असतानाच द्या.

प्रश्न : दोन वर्षांचा कारवानी आहे. गावातले म्हणतात, सशावर सोडा, मग बघा. त्याला दुसरा कुठला खेळ जमेल? (सोलापूर)

सशावर सोडणं म्हणजे शिकार आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा आहे. गावकऱ्यांना एवढं सांगितलं तरी चालेल.

त्याला पळणाऱ्या वस्तूमागे धावायला आवडतं, ससाच हवा असं नाही. दोन मीटरच्या बांबूला तेवढीच दोरी, टोकाला फडकं. फडकं जमिनीलगत फिरवा, हवेत उडवू नका, नाहीतर अंग पिळून पडेल. अर्धा मिनिट पाठलाग, मग त्याला फडकं पकडू द्या. कधीच हाती न लागणाऱ्या शिकारीचा कुत्र्यालाही कंटाळा येतो. दर फेरीआधी ‘थांब’ आणि तुमच्या शब्दावर सुटका. हा सगळा उद्योग त्या एका शब्दासाठीच आहे. दोरी सुती आणि जाड घ्या, बारीक नायलॉन पायाला कापतं. परदेशांतल्या ल्युअर कोर्सिंगमध्ये हेच मोटर आणि कप्प्या लावून, प्लास्टिकच्या पिशव्या ओढून करतात.

मैदान आधी स्वतः पायी फिरून बघा. धावून आला की बोटांच्या बेचक्या आणि कान तपासा. पावसाळ्यानंतर कुसळं केसांतून कातडीत शिरतात आणि आठवड्याने पू होतो. अ‍ॅजिलिटीही जमेल, पण त्याची ढांग लांब असते. वळायची खूण उडी मारण्याआधी द्या, नंतर दिलीत तर तो चार मीटर पुढे गेलेला असेल.

प्रश्न : वन बीएचके, पाऊस आणि अंगात रग असलेला बीगल. घरात काय खेळवू? (ठाणे)

बीगल आहे ना? मग नाकाचा खेळ. अनेक देशांत याच्या रीतसर स्पर्धा होतात आणि तिथल्या ठरलेल्या वासांपैकी एक लवंग आहे.

झाकणाच्या बरणीत दहा लवंगा आणि सुती कापडाच्या पट्ट्या दोन दिवस बंद ठेवा. भोकं पाडलेली एक छोटी डबी घ्या, पट्टी तिच्यात राहील आणि बीगलच्या पोटात जाणार नाही. बुटांची सहा खोकी उघडी मांडा. पहिले दोन-तीन दिवस एकात फक्त खाऊ ठेवा, त्याला शोधू द्या. मग त्याच खोक्यात खाऊ आणि डबी दोन्ही. ते जमलं की फक्त डबी. नाक तिथे थबकलं त्या क्षणी खाऊ त्याच खोक्यात टाका. दूर उभं राहून हाक मारून दिलात तर त्याने काय बरोबर केलं ते त्याला कळत नाही.

घोटाळे कुठे होतात? पट्टी बोटांनी उचलली आणि त्याच हातांनी बाकीची खोकी हलवली, झालं, सहाही खोक्यांना लवंगेचा वास. चिमटा वापरा आणि डबीसाठी एक खोकं कायमचं राखून ठेवा, फक्त त्याची जागा बदला. छताचा पंखा सुरुवातीला बंद ठेवा, तो वास खोलीभर पसरवतो. सर्वांत मोठा घोटाळा आपण स्वतः : डबी कुठे आहे ते आपल्याला माहीत असतं, नजर तिथे जाते आणि कुत्रा वासाऐवजी आपल्याला वाचतो. डबी घरातल्या दुसऱ्या कुणाला लपवू द्या. दोन-दोन मिनिटांचे तीन-चार शोध झाले की तो गाढ झोपेल. घरात गोडा मसाला भाजला असेल त्या दिवशी सुट्टी.

प्रश्न : मे महिन्यात सराव ठेवावा का? (नागपूर)

सूर्य उगवायच्या आत, दहा मिनिटं, गवतावर. तळहाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवता आली नाही तर परत फिरा. पग किंवा बुलडॉग असेल तर त्या महिन्यात घरातच खेळवा. आखूड नाकाने धापून अंग थंड होत नाही. किनारपट्टीवर तापमान कमी असलं तरी दमट हवेत तीच गत. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, लाळ चिकट झाली, पाय लटपटले तर जागेवरच अंगावर नळाचं पाणी ओता, वारा घाला आणि मग डॉक्टरकडे न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, थोड्याच वेळात तो उष्णता कोंडून धरतो. शरीराचं तापमान ३९ सेल्सियसपर्यंत नेहमीचं, ४१च्या वर जिवावरचं.

प्रश्न : मुंबईच्या रस्त्यावरची कुत्री दत्तक घेऊन इथे आणली. वंशावळ नाही. अ‍ॅजिलिटीत उतरता येईल? (न्यू जर्सी)

येईल. अमेरिकन केनेल क्लब ‘कॅनाइन पार्टनर्स’ या नावाखाली मिश्र जातींची नोंद करतो आणि २०१०पासून त्यांना अ‍ॅजिलिटीत घेतो. नसबंदीचा दाखला हाताशी ठेवा. वय किमान १५ महिने हवं. खांद्यापाशी उंची १८ ते २२ इंच असेल तर उडी २० इंचांची. नवशिक्यांच्या गटात शंभरपैकी ८५ गुणांच्या तीन फेऱ्या, निदान दोन वेगळ्या परीक्षकांसमोर मिळाल्या की किताब. एफसीआयच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेला मात्र वंशावळ लागते, ती वाट बंद आहे.

उंची मोजताना तिच्या खांद्यावर कमानीसारखी पट्टी टेकवतात. रस्त्यावर वाढलेली कुत्री वरून येणाऱ्या वस्तूला दचकते आणि खांदे उचलून ताठ उभी राहते, मग उडी एक इयत्ता वर जाते. पीव्हीसी नळीची कमान करून घरी रोज दोनदा खांद्याला टेकवा, टेकताक्षणी खाऊ द्या.