बेळगावातल्या वन बीएचकेला गावाकडच्या घराचं रूप कसं द्यावं?

तुमचा टिळकवाडीतला फ्लॅट भाड्याचा, हॉल दहा बाय बाराचा आणि मालक खिळा मारू देत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी खानापूर तालुक्यात कौलारू घरात वाढलो, आता बेळगावात एवढ्याच जागेत राहतो.

सगळ्यात आधी, सोफा घेऊ नका. गावाकडचा सोपा, म्हणजे घरातली पुढची बसाउठायची जागा, आठवा. एक घोंगडं अंथरलेलं, कोपऱ्यात वाकळांची, म्हणजे गोधड्यांची चळत, बाकी जमीन मोकळी. म्हणून तर दहा पाहुणे आले तरी कुणाला उठावं लागायचं नाही. आपण जमिनीलगत बसलो की फ्लॅटचं छतही उंच वाटतं. गादी, वर वाकळ, टेकायला तक्के, पुढ्यात चौरंग, एवढं पुरे. वाकळ विकतची नको. आई-आजीची जुनी इरकली लुगडी गावात कुणाकडून तरी शिवून घ्या, काठ वर दिसतील असे लावायला सांगा. घरात गुडघेदुखीचं कुणी असेल तर मात्र एक लाकडी बाक हवाच.

मातीची भांडी खानापूरची आणा. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथंच आहे. पण भांडी शोकेसमध्ये ठेवू नका, वापरा. माठातून पाझरलेलं पाणी वाऱ्यानं सुकतं म्हणून आतलं गार होतं, तेव्हा बाहेरून रंगवलेला माठ घेऊ नका. बुरडाकडची बांबूची बुट्टी, म्हणजे टोपली, कांद्या-बटाट्यांना लावा. हाताळलेल्या वस्तूंनाच गावाकडच्या घराची कळा येते.

भिंतीवर मातीचा गिलावा किंवा चुना चढवायच्या भानगडीत पडू नका. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, पापुद्रे सुटतात. मालक हो म्हणाला तर खालची दोन-अडीच फूट भिंत कावेच्या, म्हणजे गेरूसारख्या तांबड्या रंगाच्या डिस्टेंपरनं रंगवा. तो नको म्हणाला तर पांढरी ट्यूब बंद ठेवून २७०० केल्विनचे पिवळसर बल्ब लावा, त्यानंही खोली बदलते.

आणि आपला पाऊस विसरू नका. आजोबांचं घोंगडं मी एका पावसाळ्यात पेटीत तसंच ठेवलं आणि कसरीनं चाळण केली. त्याचं दुःख अजून आहे. लोकरीचं सगळं मे महिन्यात कडक उन्हात घाला, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून गुंडाळा, आणि पेटी भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.