एक स्टार दिला आणि वकिलाची नोटीस आली

प्रश्न : मोबाइलवरच्या एका क्रिकेट गेममध्ये खेळाडूंचे पॅक घेण्यात तीन महिन्यांत ११,४०० रुपये गेले. आत कोण निघेल ते नशिबावर, आणि हवा तो खेळाडू निघालाच नाही. ‘फक्त १० मिनिटं बाकी’ म्हणणारी ऑफर वेळ संपल्यावर पुन्हा तशीच येते. चिडून प्ले स्टोअरवर एक स्टार दिला आणि लिहिलं, ‘चोर कंपनी. मॅचचा निकाल आधीच ठरवलेला असतो.’ बँकेतही ‘व्यवहार मी केला नाही’ अशी तक्रार केली. कंपनीने अकाउंट बंद केलं. आता वकिलाची नोटीस आली आहे : सात दिवसांत रिव्ह्यू काढा, नाहीतर २५ लाखांचा बदनामीचा दावा. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : २५ लाखांच्या आकड्याने झोप उडवून घेऊ नका. नोटिशीत आकडा लिहायला पैसे पडत नाहीत. रिव्ह्यू काढू नका, पण बदला. आधी मूळ मजकुराचा स्क्रीनशॉट घ्या.

गेम फुकट असतो तोवर तो छान वाटतो, पैसे मोजावे लागले की राग येतो. असा राग मांडणं हा गुन्हा नाही. ‘पैसे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, मला हा गेम लुबाडणारा वाटला’ हे मत झालं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला जे अपवाद दिले आहेत, त्यांत लोकांपुढे ठेवलेल्या कृतीच्या गुणदोषांवर प्रामाणिकपणे दिलेलं मत बसतं. पण ‘चोर’ आणि ‘निकाल ठरवलेला’ हे आरोप आहेत आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल. सर्व्हरवर काय चालतं याचा तुमच्याकडे कागद आहे का? नाही. मग ते दोन शब्द गाळा आणि किती पॅक घेतले, किती पैसे गेले, काय निघालं ते लिहा. आकडे असलेला रिव्ह्यू शिव्यांपेक्षा जास्त झोंबतो, आणि खरं असलं की दिवाणी दाव्यातही तोच बचाव.

तुम्ही पत्रात न लिहिलेली एक गोष्ट तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दिसली. ‘पाच स्टार द्या, २०० हिरे (गेममधलं चलन) मिळवा’ ही खिडकी उघडली तेव्हा तुम्ही पाच स्टार दिले होते! कंपनीचा वकील तेच पुढे करील. करू द्या. बक्षीस देऊन रेटिंग मिळवणं प्ले स्टोअरच्या धोरणातच बसत नाही. तो स्क्रीनशॉट जपून ठेवा, तो तुमच्याच बाजूचा आहे.

बँकेची बाब मात्र नाजूक आहे. तक्रारीत तुम्ही ‘व्यवहार मी केला नाही’ हा पर्याय निवडलात. यूपीआयचा पिन तुमचा, फोन तुमचा. ही तक्रार आजच मागे घ्या, नाहीतर खोटेपणाचा ठपका तुमच्यावर येईल. कार्डाच्या व्यवहारांवर आक्षेप घेणाऱ्या ग्राहकांची अकाउंटं बंद केल्याचा आरोप अमेरिकेत फोर्टनाइट हा गेम काढणाऱ्या एपिक गेम्स कंपनीवरही झाला होता. २०२२ मध्ये त्या प्रकरणात कंपनीने २४.५ कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. ती तडजोड इथे बंधनकारक नाही, पण ही चाल नवी नाही एवढं लक्षात घ्या.

पैशांबद्दल स्पष्ट सांगतो. नशिबाने खेळाडू निघाला नाही, एवढ्यावर पैसे परत मिळत नाहीत. मिळाले तर ते विकण्याच्या पद्धतीवर मिळतील. ‘फक्त १० मिनिटं बाकी’ म्हणणारी ऑफर वेळ संपल्यावर पुन्हा तशीच येते, असं तुम्ही लिहिता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नवर, म्हणजे ग्राहकाला फसवून खरेदीकडे ढकलणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांवर, मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अशी खोटी घाई पहिल्याच क्रमांकावर आहे, आणि भारतात सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही त्या लागू आहेत. अकाउंट बंद असल्याने तुम्हाला आता गेम दिसणार नाही. मित्राच्या फोनवर ती घड्याळवाली ऑफर दोनदा, तारखेसकट रेकॉर्ड करा. गूगलच्या ईमेलमधल्या, ‘GPA’ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असलेल्या सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये काढा.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. दाद लागली नाही तर सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात, ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या पोर्टलवर ऑनलाइन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. ‘वाद लवादाकडेच’ अशी अट गेमच्या नियमांत असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात २०१८ मध्ये सांगितलं आहे. मागणीत अकाउंट आणि त्यातले उरलेले हिरे परत द्या, हेही घाला.

नोटिशीला दोन परिच्छेदांचं उत्तर पुरे : रिव्ह्यूचा मजकूर माझे सर्व हक्क राखून दुरुस्त केला आहे, नोटिशीतले आरोप अमान्य आहेत. सात दिवसांची मुदत कोर्टाची नाही, कंपनीची आहे. तरी ती पाळा, आणि ईमेलसोबत एक प्रत स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा.