साडीवरचा शर्ट

विश्रामबाग, सांगली

बाळा,

तुझा मोठा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. एमए सायकॉलॉजी झालं, आता पीएचडी करायचीय, पण फॅशन सायकॉलॉजी घेऊ की कामाच्या ठिकाणचा स्ट्रेस हे ठरेना, आणि घरी सगळे विचारतायत कपड्यांचा नि मानसशास्त्राचा काय संबंध. संबंध आहे गं, आणि मला विचारशील तर हे दोन विषय वेगळे नाहीतच.

तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडं छापील प्रश्नावली होती, इंग्रजीवरून मराठी केलेली, 'आपणास भावनिकदृष्ट्या रिक्त वाटते का' असले प्रश्न. बायका एकमेकींकडं बघायच्या आणि सगळ्याजणी 'नाही'वर खूण करायच्या. मुकादम शेजारीच उभा होता, हे मला घरी येऊन कागद लावताना लक्षात आलं. सगळा डेटा टाकून द्यावा लागला, वर्ष गेलं, फार रडले तेव्हा.

पण त्याच दिवशी एकीनं साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घातलेला, तो आपल्याकडं रानात किती बायका घालतात, इतकी सवय की दिसतच नाही, तर मी सहज विचारलं उकडत नाही का. तिनं छातीवरच्या खिशावर हात ठेवला. आत छोटा मोबाईल, रुमालात बांधलेले एसटीचे पैसे आणि डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. म्हणाली, "साडीला खिसा कुठाय मॅडम, आणि शर्ट चढवला की कामावर आल्यागत वाटतं, काढला की घरी."

माझा विषय मला तिथं सापडला.

हाजो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांचा २०१२ चा पेपर तू वाचला असशीलच, तोच पांढरा कोट डॉक्टरचा म्हणून घातला तर लक्ष जास्त लागतं, पेंटरचा म्हणून सांगितलं तर नाही. पण त्यातला पहिला प्रयोग, नुसता कोट घालून आणि न घालून लक्ष तपासायचा, २०१९ मध्ये दुसऱ्या टीमनं पुन्हा केला तेव्हा तसा रिझल्ट आला नाही, आणि २०२३ च्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (म्हणजे असे बरेच अभ्यास एकत्र मोजले तेव्हा) अंगावरच्या कपड्यांचा मनावर परिणाम होतो या मूळ कल्पनेला एकंदरीत आधार मिळाला, पण ते करणाऱ्यांत मूळ पेपरचे दोघे लेखकही आहेत. हे तिन्ही शेजारी ठेवून वाच. नुसता २०१२ चा पेपर धरून थीसिस उभा केलास तर व्हायव्हात अडकशील, आणि अडकायलाच पाहिजे.

कामाच्या ठिकाणच्या वेलबीइंगचं म्हणशील तर कंपनीत वर्षातून एकदा योगा ठेवला म्हणजे वेलबीइंग नव्हे. २००१ चं जॉब डिमांड्स-रिसोर्सेस मॉडेल नीट समजून घे, कामाची ओढाताण एका बाजूला आणि हाताशी असलेला आधार दुसऱ्या बाजूला. मग बघ, एका कारखान्यात बायकांना बिनखिशाचे एप्रन दिले, का तर चोरी होईल म्हणून. त्या कापडानं रोज सकाळी त्यांना काय सांगितलं असेल? तो आधार की ओढाताण? केरळमध्ये दुकानातल्या बायकांना दिवसभर उभं राहावं लागायचं, २०१८ ला कायद्यात बदल करून बसायचा हक्क द्यावा लागला, साध्या खुर्चीसाठी! युनिफॉर्म, चप्पल, खुर्ची, संडासला जायची परवानगी, सगळं एकाच वहीत लिहायचं.

बाकी व्यवहाराचं. डिग्री मानसशास्त्राचीच घे, कपडे हा तुझा अभ्यासविषय राहू दे, म्हणजे पुढं कॉलेजात शिकवायला अडचण नाही. नेट-जेआरएफचा अभ्यास सोडू नकोस, फेलोशिप असली की गाईडच्या पुढं पुढं करावं लागत नाही. स्टॅटिस्टिक्स आत्ताच पक्कं कर, नंतर फार जड जातं. आणि लोकांना कौन्सेलिंग देते म्हणून एवढ्यात बोर्ड लावू नकोस, ते वेगळं ट्रेनिंग आहे, तिथं माणसाचं नुकसान होऊ शकतं.

मार्चमध्ये शेडवर काम जोरात असतं. फोन कर, सकाळची तासगावची एसटी पकडू, मुकादमाशी मी बोलत बसेन तेवढ्यात तू बायकांच्यात जाऊन बस. डबा मी आणते.

तुझी मॅडम