टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीला थायरॉईड आणि सीलिॲकच्या तपासण्या कशासाठी?

आपल्या आठ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेहाचे निदान होऊन महिना झाला, तिला दुसरा काहीही त्रास नाही, तरीही डॉक्टरांनी थायरॉईड आणि सीलिॲकच्या (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा विकार) तपासण्या लिहून दिल्या. त्या खरोखर आवश्यक आहेत का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. पुण्यात राहतो आणि माझा मुलगा सात वर्षांपासून इन्सुलिन घेतो. त्या अनुभवावरून सांगतो, तपासण्या कराव्यात, आणि त्या त्रास नसतानाच करायच्या असतात.

टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. ज्या आनुवंशिक घडणीमुळे हे घडण्याची शक्यता वाढते, तिचाच बराचसा भाग सीलिॲक आणि थायरॉईडच्या विकारांमध्येही आढळतो. थायरॉईडचे काम मंदावले तर उंची वाढायची थांबते, मूल सुस्तावते. पण टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारे संप्रेरक) आणि प्रतिपिंडांच्या (प्रतिकारशक्ती तयार करते ती प्रथिने) चाचणीतून ते वेळीच कळते आणि रोज उपाशीपोटी एक गोळी घेऊन भागते. ही चाचणी साखर स्थिरावल्यावर करतात आणि पुढे वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा करतात.

सीलिॲक मात्र लपून बसतो. माझ्या मुलालाही तो निघाला, पण त्याचे पोट कधीच दुखले नाही. साखरेच्या नोंदवहीत एवढेच दिसे की पोळ्या मोजून, त्या हिशेबाने इन्सुलिन देऊनही जेवणानंतर तासाभरात साखर ५८ वर, म्हणजे फारच खाली, उतरते. आतड्यात अन्न नीट शोषले जात नव्हते आणि आम्ही दोष देत होतो आमच्या हिशेबाला! त्यात एका नातेवाइकांच्या सल्ल्याने तपासणीआधीच गहू बंद केला. गहू पोटात नसेल तर प्रतिपिंडे कमी होतात आणि अहवाल फसवा येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा काही आठवडे रोज पोळी खायला लावली. त्यातून पहिल्या लॅबने टीटीजी-आयजीए ही सीलिॲकच्या प्रतिपिंडांची चाचणी केली, पण एकूण आयजीए (त्या प्रकारच्या प्रतिपिंडांचे रक्तातले एकूण प्रमाण) मोजलेच नाही. ते मुळात कमी असेल तर पहिल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

निदान पक्के झाल्यावर ज्वारी, नाचणी आणि तांदूळ यांवर घर सहज चालते. अडते ते गिरणीत, कारण आपल्या ज्वारीच्या आधी त्याच जात्यातून कोणाचा तरी गहू गेलेला असतो; आणि हिंगाच्या डबीत, कारण बाजारातल्या बऱ्याचशा हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

क्वचित मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींवरही प्रतिकारशक्तीचा असाच हल्ला होतो. इन्सुलिनची गरज विनाकारण घटू लागली, साखर वारंवार उतरू लागली आणि त्वचा काळवंडली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

तूर्तास चिठ्ठीवर एकूण आयजीए लिहिले आहे का, तेवढे पाहावे आणि रक्त देईपर्यंत मुलीला नेहमीप्रमाणे पोळी खाऊ द्यावी. अहवाल निर्दोष आला तरी सीलिॲकची चाचणी दोन वर्षांनी आणि पुन्हा पाचव्या वर्षी करतात, ती चुकवू नये.