नॉर्मल जुळवले तरी कडा का दिसतात?

प्रश्न: स्कॅन केलेल्या पार्टचा त्रिकोणी मेश (त्रिकोणांची जाळी) आहे. प्रत्येक त्रिकोणावर क्यूबिक बेझियर पॅच (तिसऱ्या घाताचा वक्र तुकडा) बसवला, कोपऱ्यांवरचे नॉर्मलही (पृष्ठभागाला लंब असलेल्या दिशा) जुळवले, तरी प्रतिबिंबाच्या रेषा कडांवर तुटतातच. काय करू?

उत्तर: कोड तपासत बसू नका, अडचण गणितातच आहे. क्यूबिक त्रिकोणी पॅचला त्याचा आकार ठरवणारे १० कंट्रोल पॉइंट, त्यातले ३ कोपऱ्यांवर, ६ कडांवर आणि आत फक्त एक, आता त्या एकट्या पॉइंटने तिन्ही शेजाऱ्यांशी स्पर्शप्रतल (म्हणजे संपूर्ण कडेवरचे नॉर्मल) जुळवायचं म्हटलं तर एक कड सुधारली की दुसरी बिघडणारच ना. कोपऱ्यांवर नॉर्मल जुळले म्हणून कडेच्या मधेही जुळतात असं अजिबात नाही. २००१ सालची पीएन ट्रँगल्स ही क्यूबिक पॅचचीच पद्धत, तीही अशीच, पॅच नुसते एकमेकांना चिकटलेले आणि शेडिंगसाठी नॉर्मल वेगळे काढलेले, गेमसाठी मस्त पण खऱ्या पृष्ठभागाचं प्रतिबिंब काढलं की उघडं पडतं.

पॅचच हवे असतील तर क्लफ-टोचरसारखं प्रत्येक त्रिकोणाचे ३ तुकडे करा, म्हणजे प्रत्येक कडेला स्वतःचा पॅच मिळतो, फक्त मग डिग्री (घात) ४ घ्या, क्यूबिकमध्ये हात फार आखडतो.

पण मला विचाराल तर स्कॅनला लूप सबडिव्हिजन घ्या, म्हणजे त्रिकोण पुन्हा पुन्हा विभागून मेश गुळगुळीत करत जायचा. चार्ल्स लूपने १९८७ मध्ये मांडलेली पद्धत, दर फेरीला एका त्रिकोणाचे ४ होतात, आणि ज्या शिरोबिंदूला ६ कडा येतात तिथे पृष्ठभाग थेट सी-टू (वक्रताही सलग) मिळतो, बाकीच्या शिरोबिंदूंवर सी-वन (फक्त स्पर्शप्रतल सलग). सगळीकडे ६ कडा का नाही ठेवायच्या, तर गोलासारख्या बंद मेशवर ते शक्यच नाही, प्रत्येक शिरोबिंदूसाठी ६ वजा कडांची संख्या काढून बेरीज केली तर ती कायम १२ च येते, मेश कितीही बारीक करा, मला तर हे फार सुंदर वाटतं! म्हणजे ६ कडा नसलेले काही बिंदू राहणारच, ते सपाट भागात येतील एवढं बघा आणि ९-१० कडांचे बिंदू एज फ्लिप करून (दोन त्रिकोणांमधली सामाईक कड दुसऱ्या कर्णावर फिरवून) कमी करा.

एक मात्र आहे, लूपचा पृष्ठभाग मूळ बिंदूंतून जात नाही, थोडा आत आक्रसतो. स्कॅनमध्ये नॉइज असतोच त्यामुळे प्रत्येक बिंदूतून जायचा हट्ट नकोच, मेश आधी हलका करा (त्रिकोण कमी करा) आणि त्याचे शिरोबिंदू, म्हणजे कंट्रोल पॉइंट, लीस्ट स्क्वेअर्सने (फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) स्कॅनवर फिट करा, आक्रसणंही त्यातच भरून निघतं.